उपजत मृत्यूंचा हिशेब कोण देणार?

शहरांतील नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण खेड्यांपेक्षा कमी आहे, हे विधान सरकारी अहवालांतून इतक्या वेळा केले जाते की, शहरांपुरता तरी हा प्रश्न सुटत आला आहे, असा समज कोणाचाही व्हावा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (२०१९-२१) आकडे असे आहेत : जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बालके ग्रामीण भागात २७.५, शहरी भागात १८. हा फरक खरा आहे. तो नाकारण्याचे आम्हांला कारण नाही. पण १८ हा आकडा शहराच्या कोणत्या भागाचा? मलबार हिलवरील सदनिका आणि गोवंडीच्या शिवाजीनगरातील खोपट यांची बेरीज करून जे उत्तर काढले जाते, ते दोहोंपैकी एकाही घराचे नसते. अशा सरासरीने राज्यकर्त्यांची सोय होते, आणि ज्या वस्तीत पाळणा रिकामा राहिला तिचे नाव मात्र अहवालातून पुसले जाते.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरातील सुमारे ४० टक्के कुटुंबे झोपडपट्ट्यांत राहतात. २००९ साली महापालिकेच्या सहकार्याने जो मुंबई मानवी विकास अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात गोवंडी, मानखुर्द, देवनार हा भाग असलेला 'एम पूर्व' विभाग सर्वांत तळाशी होता. तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ६६ च्या घरात असल्याचे त्या अहवालात नमूद आहे. शहराच्या कचऱ्याचा डोंगर ज्या विभागात, शहरातील सर्वांत जास्त अर्भकमृत्यूही त्याच विभागात, याला योगायोग म्हणता येणार नाही. पुनर्वसनाच्या नावाखाली शहराच्या मध्यभागातून उठवलेली माणसे जेथे आणून टाकली गेली, पाण्याचा नळ जेथे सर्वांत उशिरा पोचला आणि प्रसूतिगृहाची खाट जेथे सर्वांत कमी पडते, तेथेच हे मृत्यू घडतात.

ही गोष्ट नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली, मुंबईतील अर्भकमृत्यूंची वर्गवारी घरांच्या खोल्यांनुसार करण्यात आली होती. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण हजारी ८०० च्याही वर, तर चार अथवा अधिक खोल्यांच्या घरांत १३० च्या आसपास होते. पहिला आकडा काहीसा फुगलेला होता, हे मान्य केले पाहिजे. कारण अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद गावाकडे आणि मृत्यूची नोंद मुंबईत होई. परंतु ही सूट दिल्यानंतरही चाळीतील एका खोलीतले मूल आणि बंगल्यातले मूल यांच्या आयुष्याची किंमत किती वेगवेगळी होती, हे त्या कोष्टकातून लख्ख दिसते.

त्या काळी सुशिक्षित समाजाने या मृत्यूंचे कारण काय शोधले? तर आईचे अज्ञान! गिरणीत दहा-दहा तास राबणारी बाई कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देते, म्हणून मूल मरते, असे सांगितले जाई. ती अफू का देते, मुलाला सांभाळायला घरी कोण आहे, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी तिला साच्यावर उभे राहावे लागते, हे प्रश्न फारच थोड्यांनी विचारले. विचारणाऱ्यांमध्ये कामगार नेते ना. म. जोशी होते. बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक त्यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आणले, ते नामंजूर झाले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात असे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, ही भूमिका त्यांनी मांडली. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. मातेला दोष देण्याऐवजी तिच्या रजेचा आणि मजुरीचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आणला गेला, हे त्या लढ्याचे यश होते.

आज शंभर वर्षांनी पुन्हा तेच जुने उत्तर नव्या शब्दांत दिले जात आहे. 'जनजागृती', 'वर्तनबदल', 'आरोग्यशिक्षण' हे आजचे परवलीचे शब्द आहेत. झोपडपट्टीतील बाईला माहिती नसते, ती वेळेवर नाव नोंदवत नाही, धोक्याची लक्षणे ओळखत नाही. तिला शहाणी केले की मुले वाचतील, असा एकंदर सूर असतो. या समजुतीची काटेकोर परीक्षा याच मुंबईत होऊन गेली आहे आणि तिचा निकाल राज्यकर्त्यांनी डोळसपणे वाचण्यासारखा आहे.

'स्नेहा' या संस्थेने ब्रिटनमधील संशोधकांच्या साह्याने मुंबईतील ४८ झोपडवस्त्या निवडल्या. त्यांपैकी २४ वस्त्यांत महिलांचे गट उभे केले. गर्भारपण, प्रसूती आणि नवजात बालकाची काळजी यांवर नियमित बैठका घेतल्या. उरलेल्या २४ वस्त्यांत असे गट नव्हते. २००६ ते २००९ या तीन वर्षांत १८ हजारांहून अधिक जन्मांची नोंद ठेवण्यात आली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भारपणातील तपासणी, रुग्णालयातील प्रसूती, स्तनपान यांत दोन्ही प्रकारच्या वस्त्यांमध्ये फरक आढळला नाही. नवजात बालकांचे मृत्यूही गट असलेल्या वस्त्यांत कमी झाले नाहीत. संशोधकांनी हा निष्कर्ष लपवून न ठेवता जसाच्या तसा छापला, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

आता याच पद्धतीचा दुसरा प्रयोग पाहा. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी भागात 'एकजूट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात असेच महिला गट चालवले. तेथे नवजात बालकांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आले. मग जे जंगलात साधले ते महानगरात का साधू नये?

आमच्या मते याचे उत्तर असे आहे. गडचिरोलीत किंवा सिंगभूममध्ये बाळंतपणे बहुतांशी घरातच होत होती आणि दवाखाना कोसभर दूर होता. तेथे नाळ स्वच्छ पात्याने कापणे, मुलाला उबदार ठेवणे, लगेच अंगावर पाजणे, जंतुदोष वेळीच ओळखणे या गोष्टी घरात पोचल्या आणि मुले वाचली. मुंबईच्या झोपडपट्टीतील बाईने ही पायरी केव्हाच ओलांडली आहे. प्रयोग सुरू होण्याआधीच तेथील बहुसंख्य प्रसूती रुग्णालयांत होत होत्या. जिला दवाखान्यात जायला हवे हे ठाऊक आहे आणि जी दवाखान्यात जातेही, तिला 'दवाखान्यात जा' असे पुन्हा पुन्हा सांगून काय साधणार? ती पोचते त्या ठिकाणी तिला काय मिळते, हा आजचा प्रश्न आहे. याचा अर्थ स्त्रियांनी वस्त्यावस्त्यांत संघटित होऊ नये, असा मुळीच नाही. त्यांच्या संघटनेने आता आपला मोर्चा चुलीकडून पालिकेच्या दाराकडे वळवावा, असा आहे.

नवजात बालके मरतात केव्हा आणि कशाने, हे वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. पहिल्या महिन्यात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच होतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणे आणि जंतुदोष ही त्यांची मुख्य कारणे होत. कळा लांबल्या असता वेळेवर शस्त्रक्रिया, जन्मल्यावर न रडणाऱ्या मुलाला पहिल्या मिनिटात पिशवी-मुखवट्याने दिलेला श्वास, अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असे दिसताच मातेला दिलेले इंजेक्शन, अशक्त मुलाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत, आईचे दूध आणि परिचारिकेचे धुतलेले हात, एवढ्यावर यांतली असंख्य मुले वाचू शकतात. यांतील एकही गोष्ट चैनीची नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती पालिकेच्या गर्दीने ओसंडणाऱ्या रुग्णालयातच. सार्वजनिक रुग्णालयांना काम करता येत नाही, ती खाजगी हाती सोपवा, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

परंतु या सर्व उपायांना एक अट आहे. प्रशिक्षित माणूस, यंत्र, रक्त आणि वीज हे चारही घटक त्याच घटकेला, त्याच खोलीत हजर असले पाहिजेत. मुंबईच्या उपनगरांतील प्रसूतिगृहांत ही अट किती पाळली जाते? रात्री भूलतज्ज्ञ नाही, रक्तसाठा नाही, नवजात बालकासाठी खाट नाही, म्हणून कळा देणाऱ्या बाईला चिठ्ठी देऊन उपनगरी रुग्णालयात पाठवले जाते. तेथून शीव, नायर किंवा केईएम. या प्रवासात जे तास जातात, त्यांत पोटातले मूल जाते. एप्रिल २०२४ मध्ये भांडुपच्या पालिका प्रसूतिगृहात वीज गेली असता मोबाईलच्या उजेडात शस्त्रक्रिया झाल्याचे नातेवाइकांनी सांगितले; माता आणि मूल दोघेही दगावले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण मरण पावले, त्यांत १२ नवजात होती. प्रत्येक वेळी मंत्री धावले, समित्या नेमल्या गेल्या, मदत जाहीर झाली. ही सर्व मुले रुग्णालयातच होती. त्यांच्या माता अज्ञानी होत्या असे म्हणण्याची सोय येथे कोणालाही नाही.

यापेक्षाही मूक असा मृत्यूंचा एक प्रकार आहे. तो म्हणजे उपजत मृत्यू. नऊ महिने पोटात वाढवलेले मूल जन्मताना श्वासच घेत नाही. त्याला नाव नसते, पत्रिका नसते, शोकाचा दिवस नसतो. बाईला घरी पाठवले जाते आणि 'पुन्हा होईल' असे सांगून सारे आपापल्या कामाला लागतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने उपजत मृत्यूची नोंद बंधनकारक केली आहे. तरीही वस्तुस्थिती काय? केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत २०२० च्या सुमारास भारतातील उपजत मृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ५ हूनही कमी दाखवले जात होते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१९ सालासाठी केलेला अंदाज हजारी १४ च्या जवळपास, म्हणजे वर्षाला सुमारे ३ लाख ४० हजार मुलांचा होता. दोहोंतील अंतर केवळ गणिती पद्धतीच्या फरकाने पडत नाही. जी मुले मोजलीच गेली नाहीत, ती या अंतरात आहेत. २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंची मोठी संख्या सरकारी दप्तरात येतच नाही, हे दाखवून दिले होते. तेव्हा शासन हादरले होते. उपजत मृत्यूंच्या बाबतीत असा हादरा अजून बसावयाचा आहे.

ही मोजणी का महत्त्वाची, हेही सांगितले पाहिजे. जगभरातील उपजत मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू प्रसूतिवेदना सुरू झाल्यानंतर होतात. म्हणजे कळा सुरू झाल्या तेव्हा ते मूल जिवंत होते. असा प्रत्येक मृत्यू हा त्या प्रसूतिगृहाच्या कारभारावरचा शेरा असतो : ठोके कोणी ऐकले, किती वेळाने ऐकले, डॉक्टर केव्हा आला, गाडी केव्हा मिळाली? मूल जिवंत जन्मून तासाभराने गेले तर ते नवजात मृत्यूत धरले जाते आणि प्रश्न विचारले जातात. 'उपजतच मेलेले होते' असे लिहिले की प्रश्न संपतात. नोंदवहीतील एका शब्दाने जबाबदारी टळत असेल, तर तो शब्द कोण आणि कशाच्या आधारे लिहितो, हे तपासलेच पाहिजे.

प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत येण्याआधीची नऊ महिन्यांची कहाणीही विसरून चालणार नाही. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय आहे. धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, नाक्यावर कामाची वाट पाहणारी, घरी बसून नगावर शिलाई करणारी बाई सातव्या-आठव्या महिन्यातही डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहते, कारण काम सोडले की चूल विझते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने 'मूल' या शब्दात उपजत मृत मुलाचाही समावेश केला होता, म्हणजे मूल हाती न लागलेल्या मातेलाही विश्रांतीचा हक्क मान्य केला होता. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण ज्यांना मालकच नाही, किंवा ज्यांचे डझनभर मालक आहेत आणि एकही जबाबदार नाही, त्या असंघटित स्त्रियांच्या वाट्याला यांतले काय येते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो ५ हजारांवर आणि पहिल्या अपत्यापुरता आणून ठेवला. पुढे २०२२ साली दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार देण्याची तरतूद झाली. संसदेने दिलेला हक्क एका योजनेच्या नियमावलीने कापला जातो, आणि त्याचा गाजावाजा मात्र दानशूरपणा म्हणून होतो!

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, परप्रांतांतून व खेड्यांतून येणारे लोंढे शहराच्या सोयींवर भार टाकतात. अगदी शेवटच्या घटकेला येणाऱ्या बाईसाठी रुग्णालयाने काय करावे? बाळंतपणाला बाई उशिरा येते, हे काही प्रमाणात खरे आहे. पण ती या शहराची घरे बांधते, रस्ते झाडते, जेवण रांधते, तेव्हा तिच्या कागदपत्रांची चौकशी होत नाही. ती प्रसूतिगृहाच्या खिडकीशीच का व्हावी? दुसरा आक्षेप पैशाचा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. भूलतज्ज्ञाचे वेतन आणि जनित्राचे डिझेल यांसाठी अशा पालिकेकडे पैसा नाही, हे म्हणणे सामान्य माणसाच्या बुद्धीचा अपमान करणारे आहे. पैसा आहे; तो कोणाच्या मुलांसाठी खर्च करावयाचा, एवढाच निर्णय बाकी आहे.

वस्त्यावस्त्यांत गर्भवतींची नोंद ठेवणाऱ्या पालिकेच्या आरोग्यसेविकांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. वर्षानुवर्षे 'स्वयंसेविका' या गोंडस नावाखाली त्यांना मानधनावर राबवले गेले. कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी त्यांना आंदोलने आणि न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. दुसऱ्याच्या बाळंतपणाची काळजी घेणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणाची रजाही मागून घ्यावी लागावी, ही व्यवस्था किती दिवस चालू द्यावयाची?

भारत सरकारने २०१४ साली नवजात बालकांसाठी कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत नवजात मृत्यू आणि उपजत मृत्यू या दोहोंचे प्रमाण हजारी दहाच्या खाली आणण्याचे वचन त्यात आहे. ही मुदत आता फार दूर नाही. मोजणीच अपुरी ठेवून ते वचन कागदावर पुरे करण्याचा मार्ग राज्यकर्त्यांना मोकळा राहू नये, म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक महानगरपालिकेने नवजात व उपजत मृत्यूंचे आकडे विभागवार आणि रुग्णालयवार दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत, आणि खाजगी प्रसूतिगृहांनाही त्यातून सूट नसावी. अशा प्रत्येक मृत्यूची कारणमीमांसा व्हावी. कनिष्ठ परिचारिकेला निलंबित करून ती संपवू नये. प्रसूती स्वीकारणाऱ्या प्रत्येक पालिका प्रसूतिगृहात चोवीस तास भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्त आणि पर्यायी वीज असावी. एका रुग्णालयाने दुसरीकडे पाठवलेल्या मातेला तेथे खाट मिळाल्याची खात्री करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर असावी. चिठ्ठी देऊन हात झटकण्याची प्रथा बंद व्हावी. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक स्त्रीला अपत्यसंख्येची अट न घालता मजुरीसह विश्रांती मिळावी, मूल जिवंत असो वा नसो. आणि आरोग्यसेविकांना पूर्ण कामगाराचे हक्क मिळावेत.

या मागण्या नुसत्या निवेदनांनी मान्य होणार नाहीत. १९२९ चा कायदाही कोणी कनवाळूपणाने दिलेला नव्हता. त्यामागे गिरणगावातील कामगारांच्या संघटित लढ्यांचे दडपण होते. आज गिरण्या गेल्या, पण राबणाऱ्या माता गेलेल्या नाहीत. त्या गोवंडी, धारावी, मालवणी, कळवा येथे पांगल्या आहेत. आपल्या विभागातील प्रसूतिगृहात गेल्या वर्षी किती मुले मेली आणि का मेली, हा एकच प्रश्न घेऊन कामगार संघटनांनी, महिला मंडळांनी आणि युवक कार्यकर्त्यांनी पालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात जावे. जे उत्तर मिळेल ते लेखी घ्यावे आणि वस्तीच्या फलकावर लावावे. उत्तर मिळाले नाही, तर तेही फलकावर लिहावे.